तिसरा झाला का?

“बाई, तुमचा तिसरा झाला म्हनं!”

भिंतीपलीकडून हा आवाज आला तेव्हा आमच्या ओसरीवर परभणीचे पाहुणे बसले होते. दोघांचे कप हातातच थांबले. आपल्याकडं तिसरा म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढं येतात, एक पाळण्यातली आणि दुसरी राख सावडायची. त्रेसष्टीच्या बाईला विचारलंय म्हटल्यावर पहिली शक्यता उरत नाही. पाहुण्यांनी हळूच आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. हे समोर बसून बशीतला चहा फुंकत होते, चांगले धडधाकट.

“झाला वहिनी, कालच झाला,” मी ओरडून सांगितलं. “डाव्या दंडात!”

पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला.

ही गोष्ट २०२२ च्या भोगीची, १३ जानेवारीची. दंड इतका ठणकत होता की तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापताना परात धरायला हात नव्हता. सरकारी कागदावर कोरोनाच्या त्या सुईचं नाव प्रिकॉशन डोस, मराठी पत्रकात वर्धक मात्रा, पेपरात बूस्टर. आमच्या गल्लीत मात्र पहिला, दुसरा आणि तिसरा. वहिनींनी दोन दिवस ‘फिरकाशन, फिरकाशन’ करून बघितलं आणि जीभ वळत नाही म्हणून सोडून दिलं.

वहिनी म्हणजे पलीकडच्या. नांदेडला तरोडा नाक्याकडं आमची दोन घरं, मध्ये छातीइतकी भिंत. बांधताना माथ्यावर काचा लावायच्या होत्या, पण सिमेंट संपलं. बरं झालं. त्या जागी आता चार कोपरं आरामात टेकतात. त्यांचा कढीपत्ता वाकून आमच्यात आलेला, आमचा मोगरा त्यांच्यात गेलेला. वहिनींचं माहेर नांदेडचं आणि सासर लातूर जिल्ह्यात, औशाकडं. माझं बरोबर उलटं, माहेर लातूर, सासर नांदेड. त्यामुळं महसूल आयुक्तालय कुठं व्हावं यावर आम्ही २००९ पासून भांडतोय. आयुक्तालय अजून झालेलं नाही, भांडण चालू आहे. मी नांदेडच्या धुळीला नावं ठेवली की वहिनी २०१६ साल काढतात, “तुमच्या लातूरला पानीसुद्धा मिरजेहून रेल्वेत बसून आलतं!” मग मला गप्प बसावं लागतं, कारण आलं होतंच.

तर तिसरा. पंतप्रधानांनी घोषणा केली २५ डिसेंबर २०२१ च्या रात्री, आणि १० जानेवारीपासून सुरुवात झाली. आधी दवाखान्यातली माणसं, पोलिसांसारखी पुढं उभी राहणारी माणसं आणि साठीपुढचे आजारी. दुसऱ्या डोसाला एकोणचाळीस आठवडे झालेले पाहिजेत, ही अट. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. माझा दुसरा ९ एप्रिल २०२१ चा, म्हणजे ७ जानेवारीला एकोणचाळीस पूर्ण. बीपीची गोळी अकरा वर्षांपासून चालू. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायची गरज नाही असं सरकारनं सांगितलं होतं, तरी मी गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये घालून गेले. सिस्टरनं विचारलंसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, जरा वाईटच वाटलं.

वहिनी सत्तावन्नच्या. त्यांचा नंबर लागेना. “आनिक तीन वर्षं थांबावं लागतंय की काय मला?” त्या म्हणाल्या. साठीची झाले नाही म्हणून हळहळणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. त्यांच्या सासूबाईंचा मात्र माझ्याबरोबरच झाला, आणि इथून खरी गंमत सुरू होते. कारण सासूबाई माझ्या मोबाइलवर आहेत.

म्हणजे असं. मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्यांचं सुरू झालं तेव्हा वहिनींच्या घरात साधे फोन. मी माझी नोंदणी करत होते, म्हटलं आजींनाही घालू. एका नंबरावर चार माणसं बसायची (पुढं २०२२ च्या जानेवारीत सहा केली). तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींची लसीकरणातली पालक मी. त्यांचं सर्टिफिकेट माझ्या फोनमध्ये. सून भांडली की त्या मला म्हणतात, “माझा कागद तुझ्यापाशी हाय, जपून ठेव.”

वहिनींचा कागद लातूरला. १४ एप्रिल २०२१ ला राज्यभर कडक निर्बंध लागायच्या तोंडावर ते सगळं घर गावी गेलं. तेव्हा साठ्याची बोंब होती. पोर्टल उघडायचं, तारखा दिसायच्या आणि बोट लावेपर्यंत सगळं लाल. मे महिन्यात तर राज्यानं अठरा ते चव्वेचाळीसच्यांचं थांबवून ती लस पंचेचाळीसपुढच्यांच्या दुसऱ्या डोसाकडं वळवली. पुण्या-मुंबईची पोरं खेड्यातल्या केंद्रावर गाडी करून जायची आणि गावातली माणसं बघत राहायची. अशा काळात वहिनींच्या थोरल्या जावेचा मुलगा, लातूरला क्लासमध्ये शिकवतो तो, रात्री जागून सगळ्या भावकीचं बुकिंग करायचा. बापाचा नंबर, बहिणीचा नंबर, दोन मित्रांचे नंबर. कोण कुणाच्या मोबाइलवर आहे याची त्यानं शंभर पानी वही केली होती. वहिनी त्याच्या स्वतःच्या नंबरावर. पहिला २४ एप्रिलला. मग मध्येच कोविशिल्डचं अंतर वाढून चौऱ्याऐंशी दिवसांचं झालं, म्हणून दुसरा बरोबर चौऱ्याऐंशीव्या दिवशी, १७ जुलैला. वहिनी तेव्हा भिंतीवर त्याचं किती कौतुक करायच्या! “पोरगं न्हाई, सोनं हाय सोनं.”

त्यानंतर आली येळवस. २ जानेवारी २०२२. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं शहर शेतात जातं. भज्जी, उंडे, आंबील, कडब्याची खोप. एसटीचा संप चालू होता, म्हणून वहिनी भाड्याची गाडी करून गेल्या. आणि जेवणाच्या पंगतीत थोरल्या जाऊबाई बोलून गेल्या की बांधावरची चिंच यंदा आम्ही झोडून घेऊ. एक झाड. बांध दोघांचा. “आंबील नरड्याखाली उतरना बगा बाई,” वहिनी मला सांगत होत्या. “मी म्हनलं, झाड माझ्या सासऱ्यानं लावलेलं हाय. ती म्हनली, सासरा काय तुझ्या एकटीचा व्हता का?” तिथून बोलणं बंद. सोन्यासारखं पोरगं एका दुपारीत ‘तिचं पोरगं’ झालं.

आता ज्यांनी दोन डोस ज्या नंबरावर घेतले, त्यांचा तिसरा त्याच नंबरावर उघडणार. दुसऱ्या मोबाइलवरून नव्यानं नाव घातलं तर पोर्टल त्याला पहिलाच डोस समजणार. आणि नंबर उघडायचा तर ओटीपी लागणार. तो वाजणार लातूरला, औसा रोडवर, पुतण्याच्या खिशात.

वहिनींना हे एप्रिलात कळलं. १० एप्रिल २०२२ पासून अठरापुढच्या सगळ्यांना तिसरा खुला झाला, पण खासगी दवाखान्यात आणि विकत. कंपन्यांनी आदल्या दिवशी भाव उतरवले, कोविशिल्ड सहाशेवरून आणि कोव्हॅक्सिन बाराशेवरून, दोन्ही सव्वादोनशेवर. वर टोचणावळ दीडशेपर्यंत. मी भिंतीवर खडूनं मांडून दाखवलं: २२५ अधिक १५०, माणशी पावणेचारशे, कर निराळा. पाच मोठ्या माणसांच्या घराला अठराशे पंच्याहत्तर.

वहिनींनी बेरीज बघितली आणि म्हणाल्या, “लई झाले. आनिक तिच्या पोराला फोन कोन करनार?”

पैशांचं कारण पुढं होतं, फोनचं मागं. दोन्ही खरी.

जुलैत पैशांचं कारण गेलं. ६ जुलैला अंतर नऊ महिन्यांवरून सहावर आलं आणि १५ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत अठरापुढच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात तिसरा फुकट. स्वातंत्र्याचं अमृत महोत्सवी वर्ष, म्हणून मोहीम पंच्याहत्तर दिवसांची. मी बोटं मोडून मोजले, अठ्ठ्याहत्तर भरतात. तीन दिवस वर कसे, ते सरकारला ठाऊक. कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. त्या वर्षी सगळंच पंच्याहत्तर होतं. ऑगस्टअखेर पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि वहिनींच्या सासूबाई तीनदा उगीचच लोह्याला जाऊन आल्या.

फुकट झाल्यावर झुंबड उडेल असं मला वाटलं होतं. कसली झुंबड! ती मोहीम जाहीर झाली तेव्हा देशातल्या अठरा ते एकोणसाठ वयाच्या ७७ कोटी लोकांपैकी शंभरात एकानंही तिसरा घेतलेला नव्हता. साठीपुढचे आणि दवाखान्यातले मिळून चौथा हिस्सा कसाबसा. आशाताई आमच्या गल्लीत दारोदार फिरायची, हातात वही, उन्हानं तोंड लाल. वर्षापूर्वी हीच माणसं पहाटे पाचला चपला ठेवून रांग लावत होती. आता तिला बघून दार लोटून घ्यायची, जणू ती वर्गणी मागायला आलीये.

कारणं ऐकावीत अशी. समोरचे भाऊसाहेब म्हणाले, मला जानेवारीत होऊन गेलाय, तीन महिने घ्यायची नाही असं आहे. आहेच तसं. पण जानेवारीचे तीन महिने एप्रिलात संपतात, आणि हे ते ऑगस्टात सांगत होते. कोपऱ्यावरच्या मामींना सुईची भीती. त्यांनी आशाताईला विचारलं की तोंडातून थेंब नाही का, पोलिओसारखे? बरं, ज्यांची कोव्हॅक्सिन झाली त्यांना कोव्हॅक्सिनच पाहिजे, कोविशिल्डवाल्याला कोविशिल्डच. “म्हनजे तिसऱ्यालाबी सोयरीक बदलायची न्हाई,” वहिनींचा निकाल. पुढं १२ ऑगस्टपासून दोघांनाही कोर्बेव्हॅक्स चालेल असं झालं. पण आमच्या भागात सगळ्यांची मतं आधीच पक्की: कोविशिल्ड पुण्याची, बाकी दोन्ही हैदराबादच्या. शिक्षणाला पुणं, ऑपरेशनला हैदराबाद, हा नांदेडकराचा जुना हिशेब. लसीला काय, त्यावर एकमत होईना. भाऊसाहेबांचे वडील निजामाच्या राज्यात पटवाऱ्याच्या हाताखाली होते. ते म्हणायचे, आपली एक बाजू तिकडंच.

वहिनींचे मालक हौशी. त्यांची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या नंबरावर होती, नोकरीच्या ठिकाणी शिबिर झालं तेव्हाची. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी नवा चष्मा लावून, पाटावर बसून, पूजेला बसल्यासारखं बुकिंग केलं. पिनकोड घातला, केंद्र आलं, तारीख आली, टिक केलं, मेसेज आला. मोठ्यानं वाचला. अपॉइंटमेंट तुळजापूरला!

मला कळायला मिनिट लागलं. नांदेडचा पिन ४३१६०१. ह्यांनी घातला ४१३६०१. गावाकडच्या पत्रांवर आयुष्यभर लातूरचा ४१३५१२ लिहायची सवय, बोट आपोआप चार-एक-तीनवर गेलं. तीन आणि एकाची अदलाबदल, माणूस दोनशे किलोमीटरवर. वर्गात पोरांना हातचा चुकला की मी म्हणायचे, अरे कुठं जाऊन पोचशील! हे तुळजापूरला पोचले.

“आईनं बोलावलं असंल,” सासूबाई म्हणाल्या. ते जायलाही निघाले असते. वहिनींनी अडवलं. पुढच्या आठवड्यात ते आमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात नुसते चालत गेले, आधार दाखवलं, नंबर सांगितला, वीस मिनिटांत सुई झाली. बुकिंगची गरजच नव्हती. गर्दीच नाही तर रांग कशाची? पण हे आधी कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. नव्या चष्म्याचं काय करायचं मग.

राहिल्या वहिनी. श्रावणात म्हणाल्या, उपास चालू आहेत. उपास संपले तर महालक्ष्म्या. त्यांच्याकडं महालक्ष्म्या थोरल्या घरी, लातूरला, बसतात. मी म्हटलं, चला, आता तरी बोलणं होईल, ओटीपीचंही काम होईल. ६ सप्टेंबरला त्या परत आल्या. भिंतीवरून पुरणपोळीचा डबा दिला. कोपर टेकलं.

“विचारलं का?”

“सोळा भाज्या केल्या, पुरन वाटलं, जेवलाव, ताटं उचलली. तोंडातून काडलं न्हाई.”

“का हो?”

“तिनंबी काडलं न्हाई.”

दोन महालक्ष्म्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, हळद-कुंकू लावलं, आणि दोन जावा दिवसभर एकमेकींना फक्त “मीठ घाला”, “पाट सरकवा” म्हणत राहिल्या. मग पितृपाटा आला. पितृपंधरवड्यात सुई नको. मी म्हटलं, वहिनी, पितर काही आडवे येत नाहीत. त्या म्हणाल्या, “आमचे सासरे येतील, चिंचेचं इचारायला.”

एक गोष्ट मला तेव्हा कळली. ते वर्ष-दीड वर्ष आपण कुणाच्या मोबाइलवर होतो, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं. भाडेकरूची नोंद मालकाच्या, सासूची शेजारणीच्या, मोलकरणीची तिच्या शाळेतल्या पोरीच्या, सत्तर वर्षांच्या मास्तरांची त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या. गरज होती तेव्हा कुणी लाजलं नाही. तिसऱ्याच्या वेळी त्याच माणसाच्या दारात परत जायचं होतं, आणि आता घाबरायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून लाज परत आली. तिसरा का पडून राहिला याची मोठी कारणं मोठे लोक सांगतील. आमच्या गल्लीतलं निम्मं कारण हे.

नवरात्र बसलं २६ तारखेला, सोमवारी. बुधवारी संध्याकाळी पलीकडं जीप थांबली. थोरल्या जाऊबाई आणि पुतण्या. माहूरला रेणुकामातेला निघालेले. लातूरहून माहूर म्हणजे नांदेड वाटेतच, आणि वाटेतलं घर टाळून देवीला गेलं तर देवी विचारते. मुक्काम पडला. रात्री मी मुद्दाम भिंतीशी गेले. जाऊबाई तिथंच उभ्या, कढीपत्ता तोडत. आम्ही दोघी लातूरच्या, बोलायला किती वेळ लागतो.

“परवा फुकटचं संपतंय,” मी म्हटलं.

“आमचाबी राह्यलाय की,” त्या म्हणाल्या. “रोज म्हनतेत तिकडं, या या. पर संगत न्हाई. एकटीनं कुठं जावं सुईला?”

मी काही बोलले नाही. नुसतं त्यांच्यामागं स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या पाठीकडं बघितलं.

गुरुवारी सकाळी नऊला तिघं जीपमधून केंद्रावर गेली. जावा मागच्या सीटवर, मध्ये हळदी-कुंकवाची पिशवी. मी पाणी भरत होते. नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा बाकी जग थांबतं. सव्वानऊला माझा फोन वाजला. वहिनी.

“बाई, घात झाला. फोन घरीच राह्यला!”

पुतण्याचा मोबाइल. हॉलमध्ये चार्जिंगला. भावकीचं सगळं लसीकरण ज्यात, तो. केंद्रावर ऑपरेटरनं वहिनींचं नाव शोधायला नंबर घातला, ओटीपी गेला, आणि तो इथं भिंतीपलीकडं टुंग करून वाजला. मीच ऐकला. घरात एकट्या सासूबाई.

“आजी! फोन बघा! आकडे आलेत का?”

“आलेत.”

“वाचा!”

सासूबाईंनी खिडकीतून एक एक आकडा मोठ्यानं वाचला, मी पाण्याच्या हातानं फोन धरून पुढं सांगितला, तिकडं घातला. चुकीचा. तीन मिनिटांची मुदत. परत वाचला, परत तोच, परत चुकीचा. तोवर मुदत संपली.

दुसरा पाठवला. मी नळ तसाच सोडला. “आजी, फोन इकडं घेऊन या, वायर काढा!” त्या आल्या. भिंतीवरून हात उंच करून फोन धरला, उलटा. सुलटा केला. तोवर पडदा काळा. बोट लावलं, उजळला. मी चष्मा डोक्यावरून खाली ओढला आणि वाचलं. आजी ज्याला ‘एक’ म्हणत होत्या तो इंग्रजी नऊ होता. आपला १ आणि त्यांचा नऊ, एकाच चणीचे. मराठी शाळेतल्या चौथीच्या अंकांनी आजींनी अगदी बरोबर वाचलं होतं, चूक असेल तर अंकांची.

सहा आकडे मी गल्लीला ऐकू जातील एवढ्यानं सांगितले. तिकडून आवाज आला, “उघडलं!”

पुढचं वहिनींनी दुपारी सांगितलं. केंद्रावर आधी सात माणसं बसलेली. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस. एकदा बूच टोचलं की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून सिस्टर थांबली होती. या दोघी आल्या, नऊ झाली. सिस्टरनं पुतण्याकडं बघितलं.

“तुमचा झालाय का हो तिसरा?”

गड्यानं मान खाली घातली. सगळ्या भावकीचे दोन-दोन करून दिलेल्या माणसाचा स्वतःचा तिसरा राहिलेला. नंबर तोच, खातं उघडलेलंच. जाऊबाई म्हणाल्या, “बस की मग, देवीला चाललायस.” आणि वहिनींनी त्याची बाही स्वतः वर सरकवली. सिस्टर म्हणाली, हात सैल सोडा. सोडला. बाटलीतला दहावा. नंतर तिघं अर्धा तास एका बाकावर बसली, दंडाला कापूस दाबून. वहिनींना मध्ये बसावं लागलं, जागा तेवढीच होती.

“काय बोललात?” मी विचारलं.

“काय न्हाई. ती म्हनली, दुखतंय का? मी म्हनलं, थोडं.”

दोघींना रात्री ताप आला. एकाच पट्टीतल्या गोळ्या दोघींनी घेतल्या. माहूरचं जाणं एक दिवस पुढं गेलं, म्हणजे ३० सप्टेंबरला, त्याच शुक्रवारी, ज्या दिवशी फुकटच्या लसीची मुदत संपली. पुढं २६ जानेवारी २०२३ ला हैदराबादची नाकात सोडायची लसही निघाली, खासगीत आठशे रुपयांची. कोपऱ्यावरच्या मामींना मी लगेच सांगून आले, सुई नाही म्हणून. त्या म्हणाल्या, नाकात कशाला?

मामींचा तिसरा अजून झालेला नाही. सासूबाईंचं सर्टिफिकेट माझ्याच फोनमध्ये आहे. आणि चिंच दुसऱ्या वर्षी जाऊबाईंनीच झोडून घेतली. पाच किलो फोडलेली वहिनींना पाठवली, त्यातली थोडी भिंतीवरून माझ्याकडं आली. आंबट आहे.